आजाऱ्यासाठी कोणी रांधायचे?

नागपूर हे खाऊ घालणाऱ्यांचे शहर आहे, याबद्दल कोणी वाद घालणार नाही. रामनवमीच्या शोभायात्रेच्या वाटेवर, हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यांत, ताजबागच्या उरुसात, गुरुद्वारांच्या लंगरात आणि या सर्वांहून मोठ्या प्रमाणावर धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हे शहर अनोळखी माणसांना हात आखडता न घेता जेवू घालते. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, आवारात मुक्काम ठोकून असलेल्या नातेवाइकांसाठी पोळी-भाजी घेऊन येणारी मंडळीही इथे आहेत. तरीही मेडिकलच्या आसपास, इमामवाडा, रामबाग किंवा अजनीकडच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत राहून मुखकर्करोगावर रेडिएशन घेणाऱ्या माणसाला गिळता येईल असे जेवण रोज मिळेलच, याची हमी या उदार शहरात कोणी देऊ शकत नाही. भंडाऱ्यातली पुरी-भाजी आणि बुंदी त्याच्या उपयोगाची नसते, कारण ती निरोगी माणसासाठी केलेली असते.

शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांतील मुलामुलींनी गंभीर आजारी असलेल्या आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी नियमितपणे पौष्टिक स्वयंपाक करावा, अशी एक कल्पना जगात काही ठिकाणी रुजली आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील सेबास्टोपोल या गावी २००७ मध्ये सुरू झालेला सेरेस कम्युनिटी प्रोजेक्ट हे तिचे परिचित उदाहरण. तिथे मुले जाणत्या स्वयंपाक्यांच्या देखरेखीखाली रांधतात आणि तयार अन्न मोठी माणसे रुग्णांच्या घरी पोचवतात. हे नागपुरात व्हावे, असे माझे मत आहे. मात्र ते अन्नदानाच्या धर्तीवर, पुण्यकर्म म्हणून झाले तर न झालेलेच बरे, असेही माझे तितकेच ठाम मत आहे. त्याला काम म्हणून उभे करावे लागेल, म्हणजे वजनकाटा, वेळापत्रक, नोंदवही आणि चूक झाल्यास जबाब देणारा माणूस यांच्यासकट.

हा आग्रह कशासाठी, हे आजारी माणसाच्या ताटात डोकावल्याशिवाय कळणार नाही. विदर्भात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, घोटणाऱ्या टपऱ्या किती आहेत आणि त्यापायी तोंडाचे कर्करोग किती होतात, हे इथल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. अशा रुग्णाला रेडिएशन साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस, सहा ते सात आठवडे घ्यावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडाची आतली त्वचा सोलवटते, लाळ आटते, आणि सुपारीने आधीच आखडलेले तोंड काही जणांच्या बाबतीत दोन बोटेही उघडत नाही. सावजीच्या झणझणीत रश्श्यावर वाढलेल्या या माणसाला आता साध्या वरणातली मोहरी टोचते, लिंबाचा थेंब आग करतो आणि पोळीचा घास तोंडात फिरत राहतो. त्याला हवे असते घोटून, गाळून, कोमट केलेले मुगाचे किंवा तुरीचे वरण, त्यात तूप, त्यात जमल्यास दुधाची भुकटी किंवा कुस्करलेले पनीर. ज्वारीच्या कण्या, पण भरपूर पाण्यात शिजवून चाळणीतून काढलेल्या. पातळ पेज, पण नुसते पाणी नव्हे. कारण कर्करोगाच्या रुग्णाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला एक ग्रॅमहून अधिक, शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने मिळावीत, असे पोषणशास्त्राचे सांगणे आहे. साठ किलोच्या माणसाने नव्वद ग्रॅम प्रथिने फक्त पिऊन कशी घ्यायची, हा प्रश्न त्याच्या पत्नीपुढे, पिशवीत केसपेपर घेऊन ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या बाईपुढे, कोणी मांडून सोडवून दिलेला नसतो. तिला ‘पातळ द्या’ एवढेच सांगितलेले असते, आणि ती साबुदाण्याची पेज देते, ज्यात प्रथिने नावालाच असतात. रुग्णाचे वजन उतरत जाते आणि प्रकृती फारच खालावली की ठरलेले उपचारही मध्ये थांबवण्याची वेळ येते.

केमोथेरपी घेणाऱ्याची तऱ्हा निराळी. त्याचे तोंड उघडते, पण चव गेलेली किंवा धातूसारखी झालेली असते, आणि लसणाच्या फोडणीचा वास शेजारच्या घरातून आला तरी पोटात ढवळते. गरम अन्नाचा वास जास्त दरवळतो म्हणून अशा रुग्णाला निवत आलेले किंवा थंड अन्न सोसते. मायेने वाफाळते ताट पुढे करणाऱ्या आईला हे ऐकून वाईट वाटते, पण ते तसेच आहे. शिवाय त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, तेव्हा रस्त्यावरचा कापलेला पपई, न धुतलेली कोथिंबीर किंवा सकाळची उरलेली चटणी त्याला थेट रुग्णालयात दाखल करू शकते.

डायलिसिसवरच्या रुग्णाचे पथ्य तर भल्याभल्यांना चकवते. आजाऱ्याला भेटायला जाताना संत्री न्यायची हा नागपूरकरांचा शिरस्ता. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचते, आणि संत्रे, केळे, नारळपाणी, टोमॅटो ही सगळी पोटॅशियमची भांडारे आहेत. त्याच्यासाठी बटाटा करायचा तर साल काढून, पातळ काप करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावे लागते. भाजीतला जीवनसत्त्वांचा अंश जाऊ नये म्हणून कमी पाण्यात शिजवावी, असे शाळेत शिकलेल्या मुलीला इथे नेमके उलटे करावे लागते. रक्तदाबासाठी चांगले म्हणून दुकानात मिळणारे कमी सोडियमचे मीठही त्याला चालत नाही, कारण सोडियमच्या जागी त्यात बहुधा पोटॅशियमच घातलेले असते. आणि डायलिसिस सुरू होण्यापूर्वी ज्याची प्रथिने आवरती घेतली होती, त्याचीच डायलिसिस सुरू झाल्यावर वाढवावी लागतात. म्हणजे एकाच गल्लीतल्या तीन आजाऱ्यांना तीन वेगळे डबे लागतात, आणि एकाचा डबा दुसऱ्याला गेला तर उपकाराऐवजी अपकार होतो. अन्नदानाची रीत यापुढे निरुपयोगी ठरते. तिच्यात देणाऱ्याने काय द्यायचे ते देणारा ठरवतो. इथे ते घेणाऱ्याच्या रक्ततपासणीने ठरते.

अन्न हे औषधाला पूरक असते असे आपण म्हणतो खरे, पण ते मोजून पाहणारी कामे फार थोडी झाली आहेत. त्यातले एक महत्त्वाचे काम भारतातलेच आहे. झारखंडमधील क्षयरुग्णांना सहा महिने रोज १२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिने देणारा शिधा घरपोच दिला गेला, आणि काही कुटुंबांना रुग्णाबरोबर घरातल्या इतर माणसांसाठीही शिधा मिळाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. हे साधले ते मुख्यतः तांदूळ, डाळ, तेल आणि दुधाची भुकटी यांनी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आजारानुरूप तयार जेवण घरी मिळणाऱ्या लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ४९ टक्क्यांनी कमी असल्याचे २०१९ मध्ये मांडले गेले; तो प्रयोग नव्हता, नोंदींची तुलना होती, म्हणून त्यावर झारखंडइतका भर मी देणार नाही. सरकारलाही हे कळते. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण कर्करोगाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रिया, केमो आणि डायलिसिसचा खर्च उचलते, आणि रुग्ण घरी परतला की त्याच्या चुलीपाशी येऊन थांबते.

त्या चुलीपाशी कोण उभे असते, हा या विषयातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात घरातले बिनमोबदल्याचे काम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के आणि पुरुषांत २६.१ टक्के निघाले. जे करतात त्यांचा दिवसातला वेळ स्त्रियांचा २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. घरात आजारपण शिरले की या २९९ मिनिटांत पथ्याचा वेगळा स्वयंपाक, रुग्णालयाच्या खेपा आणि रात्रीची जागरणे यांची भर पडते, आणि ती भर त्याच बाईवर पडते. पण निदान त्या घरी कोणी रांधणारे असते. जिथे ती बाईच आजारी पडते तिथे काय होते? भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे, आणि तो पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात गाठतो. केमो घेऊन दुपारी घरी आलेली बाई संध्याकाळी कणीक मळताना मी पाहिली आहे. घरात नवरा होता, सतरा वर्षांचा मुलगा होता, दोघेही सज्जन होते, आणि दोघांनाही कुकरला किती शिट्ट्या द्यायच्या हे ठाऊक नव्हते. त्या माउलीची भूक मेली होती आणि वासाने तिला मळमळत होते, तरी तिला घरच्यांसाठी फोडणी घालावी लागत होती. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. आपण आपल्या मुलग्यांना परावलंबी करून ठेवतो आणि त्याची किंमत नेमक्या वाईट दिवसांत घरातल्या बाईकडून वसूल होते, एवढेच.

म्हणून मुलांनी रांधावे असे म्हणताना मी सर्वांत आधी मुलग्यांबद्दल बोलतो आहे. अशा स्वयंपाकघरात मुलींची गर्दी आणि मुलगे डबे वाहायला, अशी वाटणी झाली तर त्या उपक्रमाला टाळे लावावे. मुलग्याला वरण घोटायला, भात मऊ शिजवायला, भाजीचे पाणी फेकायला लावावे, आणि ते त्याने एकदा हौसेखातर केले एवढ्यावर भागू नये. दर आठवड्याला, पाळी आली की, परीक्षा असो वा क्रिकेटचा सामना, त्याने ते करावे.

या वयाला काय पेलते याबद्दल आपल्या समाजाचे मत विचित्र आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आपण डॉक्टर-इंजिनीअर होण्यासाठी दिवसाचे बारा तास अभ्यास करण्याइतका प्रौढ मानतो, आणि गॅस पेटवण्याइतका मात्र मानत नाही. त्याच्यावर जे काही सोपवले जाते ते सारे त्याच्या स्वतःच्या भवितव्याविषयी असते. ते बिघडले तर नुकसान त्याचे. दुसऱ्या कोणाचे तरी काही त्याच्या हातावर अवलंबून आहे, असा अनुभव त्याला बारावीपर्यंत येत नाही. मुलांच्या आत्मकेंद्रीपणाबद्दल तक्रार करणाऱ्या पालकांनी हे एकदा तपासून पाहावे.

इथे नागपूरकरांना कॅलिफोर्नियाकडे पाहण्याचे कारणही नाही. वर्धा आपल्या उंबऱ्यावर आहे. तिथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींच्या नयी तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण देण्याच्या पद्धतीची, मांडणी झाली, आणि पुढे सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाक, सफाई आणि शेती हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. किती माणसांना किती धान्य लागेल आणि त्यातून किती पोषण मिळेल हा हिशेब मुलांनी करायचा असे. त्याच सेवाग्रामात कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हाताने करीत. नयी तालीम सूतकताईत अडकून राहिली असे तिचे टीकाकार म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे, पण उपयोगी कामातून शिकण्याचा तिचा गाभा आजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जितका खरा उतरेल तितका चरख्यावरही उतरला नसेल. प्रमाण, टक्केवारी, रसायन, जीवशास्त्र, रक्ततपासणीचा अहवाल वाचणे, शिवाय वेळेचे बंधन, हे सगळे एका डब्यात येते. केरळनेही या बाबतीत वाट दाखवली आहे. २००८ मध्ये उपशामक सेवेचे, म्हणजे गंभीर आजाऱ्याच्या वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या सेवेचे, धोरण स्वीकारणारे ते देशातील पहिले राज्य ठरले, आणि तिथल्या या चळवळीत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांबरोबर विद्यार्थ्यांचे गटही काम करतात. आजारी माणूस ही त्याच्या वस्तीची जबाबदारी आहे, हे तिथे मुलांना ठाऊक आहे.

आता आक्षेप. त्यातला सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो मी हलक्यावर नेणार नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील छपऱ्याजवळच्या एका गावात शाळेतल्या माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. तेलात कीटकनाशक होते. ते अन्न द्वेषाने कोणी केले नव्हते. चांगल्या हेतूने केलेले अन्न आपोआप सुरक्षित होत नाही, आणि जिथे खाणाऱ्याची प्रतिकारशक्तीच खचलेली आहे तिथे तर मुळीच नाही. आपला कायदाही हेच मानतो. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्यात अन्नव्यवसायाची व्याख्या करताना तो नफ्यासाठी असो वा नसो, असे स्पष्ट म्हटले आहे; त्यामुळे फुकट वाटणाऱ्यालाही नोंदणी आणि स्वच्छतेचे नियम चुकत नाहीत, हे भंडारे भरवणाऱ्या किती मंडळांना माहीत आहे, हा वेगळा विषय.

नियम स्वतः अवघड नाहीत. अन्न आतपर्यंत ७० अंशांवर शिजले पाहिजे. वाढेपर्यंत ते ६० अंशांच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजे. मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त राहिलेले अन्न टाकून दिले पाहिजे, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर येते. नागपुरात मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दुपारची हवा ३२ च्या वरच असते, आणि मे महिन्यात पारा ४५ कडे झेपावतो. म्हणजे इथला डबा शिजल्यापासून तासाभरात खाल्ला गेला पाहिजे किंवा त्या तासाभरात तो गार करून थंड पेटीत गेला पाहिजे. अमेरिकेतली रीत इथे जशीच्या तशी चालत नाही ती यामुळे. तिथे आठवड्यातून एकदा भरपूर अन्न पोचवता येते, कारण घरोघरी फ्रिज असतो. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट किंवा छिंदवाड्याहून येऊन इथे खोली घेऊन राहणाऱ्या रुग्णाकडे एक बर्नर आणि दोन पातेली असतात.

त्यावरचा उपाय आपल्याच घरांत आहे. शिजवलेला डबा जवळच्या, तासाभराच्या टप्प्यातल्या रुग्णांपुरता ठेवावा. दूरच्यांसाठी कोरडे पदार्थ करावेत: भाजलेल्या मूगडाळीचे पीठ, नाचणीचे सत्त्व, फुटाण्याच्या डाळीचे सातू, शेंगदाण्याचे कूट आणि दुधाची भुकटी घालून केलेले खिरीचे मिश्रण, आणि कोणत्या रुग्णाला यातले काय चालेल याची चिठ्ठी. गरम पाण्यात शिजवून घेतले की एका वाटीत किती प्रथिने जातात, हे पुडीवर लिहिलेले असावे. भाजणे, दळणे, मोजणे, पुड्या बांधणे या कामांत धोका कमी आणि मुलांना करण्यासारखे पुष्कळ असते. नव्याने आलेल्यांना याच कामावर बसवावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी शेगडीपाशी न्यावे. वयाची अट चौदाची असावी. आणि रुग्णाच्या दारात मुलांनी जाऊ नये, निदान क्षयरुग्णाच्या तरी नाहीच. ते काम मोठ्यांचे.

मग मुलांना आपण कोणासाठी रांधतो हे कसे कळणार, असे कोणी विचारील. नावाने कळण्याची गरज नाही. पथ्याच्या चिठ्ठीवर ‘गिळायला त्रास, तिखट-आंबट वर्ज्य, डाळ गाळून’ एवढे असले तरी ती चिठ्ठी वाचून रांधणाऱ्याला पलीकडचा माणूस पुरता दिसतो. आपल्याकडे कर्करोग अजून लपवला जातो, क्षयाचे नाव निघाले तर घरमालक खोली सोडायला सांगतो, मुलीचे लग्न अडते. डब्यावर संस्थेचे नाव, गाडीवर फलक आणि दारात छायाचित्र हे प्रकार या उपक्रमात पहिल्या दिवसापासून निषिद्ध असावेत. फ्लेक्सवाचून समाजसेवा होते, हे दाखवण्याची या शहराला चांगली संधी आहे.

जातीचा प्रश्न मी टाळणार नाही. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न आपल्याकडे अन्नाच्या आधी पोचतो, आणि आजारपणात तो गळून पडतो असे मानणे भाबडेपणाचे आहे. उलट पथ्याच्या आडून तो अधिक सोवळ्याने विचारला जातो. स्वयंपाकघराने त्याला उत्तर देऊ नये. रांधणाऱ्यांची आडनावे सांगितली जाणार नाहीत, तुकड्या मुद्दाम मिसळून केल्या जातील, आणि हे ज्याला चालत नसेल त्याने डबा नाकारावा, त्याची मनधरणी होणार नाही. दीक्षाभूमीच्या शहरात याहून मवाळ भूमिका शोभणार नाही. अंड्याबाबत मात्र वेगळा निकष लावावा. शालेय पोषण आहारातल्या अंड्यावरून राज्यात जो वाद झाला तो देणाऱ्यांच्या आवडीनिवडीचा होता. रुग्ण खात असेल आणि आहारतज्ज्ञ लिहून देत असेल तर अंडे द्यावे, रुग्ण खात नसेल तर पनीर द्यावे. देणगीदाराच्या घरी काय चालते याला इथे स्थान नाही. डायलिसिसच्या रुग्णाला अंड्याच्या पांढऱ्याइतके सोयीचे आणि स्वस्त प्रथिन दुसरे फारसे नाही.

अभ्यासाचे काय, हा पालकांचा आक्षेप लवकर आटोपण्याजोगा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांचे काम अपेक्षित असते; आठवड्याला तीन तास धरले तर चाळीस आठवड्यांत ते भरतात. दहावी-बारावीच्या मुलांना दिवाळीनंतर मोकळे करावे. तास मोजावेत, कारण हजेरी ही रुग्णाशी केलेली बांधिलकी आहे. गुण, पारितोषिके आणि ‘उत्कृष्ट स्वयंसेवक’ मात्र नकोत. गुणांसाठी झाडे लावून फोटो काढून परत आलेल्या पिढ्या आपण पाहिल्या आहेत, आणि त्या झाडांचे पुढे काय झाले तेही.

मुलांपुढे मृत्यू येईल, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. तो येईलच. एखाद्या बुधवारी यादीतला एक डबा कमी होईल आणि चिठ्ठी लिहिणारी मुलगी विचारील, आणि तिला खोटे सांगता येणार नाही. घरातल्या आजोबांच्या वेळी ‘परीक्षा आहे, तिला सांगू नका’ म्हणणारे आपण या प्रसंगाला घाबरतो. माझ्या मते हे ऐकायला सोळाव्या वर्षी ती समर्थ असते, फक्त सांगणारे माणूस शांत, खरे बोलणारे आणि नंतरही तिथेच थांबणारे हवे. असे माणूस तुकडीला लाभत नसेल तर ती तुकडी सुरू करू नये. जी मुले त्याच सुमारास स्वतःच्या घरात आजारपण पाहत असतील, त्यांना रांधायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे. काहींना ते सोसणार नाही आणि काहींना त्यानेच बरे वाटेल.

शेवटचा आक्षेप डावीकडून येतो आणि त्याच्याशी माझे अर्ध्याहून अधिक एकमत आहे: हे काम सरकारचे आहे, आणि मुलांच्या फुकटच्या श्रमावर ते ढकलणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे. दाखल रुग्णाचे जेवण हे निःसंशय रुग्णालयाचे काम आहे. ते बेचव किंवा अपुरे असेल तर त्याविरुद्ध भांडावे, तिथे डबे नेऊन ती उणीव झाकू नये. मेडिकल, मेयो हे दुसरे शासकीय रुग्णालय, कर्करोगाचे तुकडोजी रुग्णालय, जामठ्याची कर्करोग संस्था किंवा मिहानचे एम्स यांच्या वॉर्डांत मुलांचे डबे जाऊ नयेत, असेच मी म्हणेन. त्यांचे क्षेत्र त्या दारांबाहेरचे आहे: डे-केअरमध्ये केमो घेऊन त्याच दिवशी घरी पाठवलेला, रेडिएशनसाठी खोली घेऊन राहिलेला, आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणारा, आणि ‘आता घरीच ठेवा’ असे सांगून परत पाठवलेला रुग्ण. उपचार जसजसे वॉर्डातून बाहेर पडत आहेत तसतसे जेवणाचे ओझे शासनाच्या ताटातून घराच्या ताटात सरकले आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात झालेली नाही.

या कामात शासनाने काय करायचे तेही ठरवता येते. जागेची फारशी अडचण नाही. नागपुरात एल.ए.डी. महाविद्यालयासारख्या संस्थांतून गृहविज्ञान आणि पोषणशास्त्र शिकवले जाते. असा विषय शिकवायचा तर प्रयोगशाळा म्हणून स्वयंपाकघर लागतेच. तिथल्या पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रत्यक्ष रुग्णांच्या आहारयोजनेचा सराव हवा असतो आणि शाळकरी मुलांना शिकवणारे कोणीतरी हवे असते. ही सांगड जुळण्यासारखी आहे. धान्य, तूप आणि दुधाची भुकटी यांसाठी भंडारे भरवणाऱ्या मंडळांकडे हात पसरायला मला संकोच वाटणार नाही, फक्त पावतीच्या पलीकडे त्यांना काही मिळणार नाही. पण एक गोष्ट लोकवर्गणीतून होऊ नये, ती म्हणजे आहारतज्ज्ञाचे वेतन. प्रत्येक रुग्णाच्या अहवालावरून पथ्य लिहून देणे, दर पंधरवड्याला त्याचे वजन पाहून ते बदलणे, आणि चुकीचा डबा गेल्यास त्याची जबाबदारी घेणे हे सही असलेल्या पदाचे काम आहे, आणि ते पद महापालिकेने किंवा वैद्यकीय शिक्षण विभागाने मंजूर करून, भरून, चालू ठेवले पाहिजे. ते भरले जात नाही तोवर मुलांना कितीही उत्साह असला, शाळा कितीही तयार असली आणि देणगीदार दारात उभे असले, तरी एकही डबा बाहेर पडू देऊ नये.